सावित्रीबाईंचा पुतळा आणि साडेपाचची एसटी: एका महाविद्यालयातल्या स्मारकाचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावचं हे महाविद्यालय. कला आणि वाणिज्य आधीपासून, विज्ञान अलीकडचं. नावात सावित्रीबाई फुले. मुलगे आणि मुली दोघंही शिकतात, पण मुली जास्त, आणि त्यातल्या बहुतेक आसपासच्या खेड्यांतून एसटीने येतात. मी इथली ग्रंथपाल. या प्रकरणात स्मारक समितीची सदस्य-सचिव होते, त्यामुळे सगळी इतिवृत्तं माझ्या हातची आहेत आणि झालेल्या चुकांपैकी काही माझ्याच आहेत. गाव, संस्था आणि माणसं यांची ओळख मुद्दाम दिलेली नाही. घटनांचा क्रम मात्र जसा होता तसाच ठेवला आहे.

नाव मोठं असलं तरी आवारात सावित्रीबाई फार कुठे दिसत नसत. फाटकावरच्या पाटीवर नाव, प्राचार्यांच्या केबिनमध्ये हार घातलेली तसबीर. दर ३ जानेवारीला रांगोळी, दोन भाषणं, मुलींचं एखादं पथनाट्य, आणि दुपारी खुर्च्या परत मंडपवाल्याकडे. नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला कॉलेजला हे नाव का दिलं असं विचारलं, तर ‘पहिल्या शिक्षिका’ एवढं उत्तर यायचं. त्यापुढे काही नाही.

पुतळ्याचा विषय २०२३ च्या जुलैत संस्थेच्या बैठकीत निघाला. त्यामागे पुण्याचं उदाहरण होतं. पुणे विद्यापीठाला २०१४ साली सावित्रीबाईंचं नाव मिळालं आणि १४ फेब्रुवारी २०२२ रोजी विद्यापीठाच्या आवारात त्यांच्या पूर्णाकृती पुतळ्याचं अनावरण झालं. “विद्यापीठात झाला, मग आपल्याकडे का नको?” हा अध्यक्षांचा प्रश्न. त्यांच्या हेतूबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. त्यांच्या घरात शाळेची पायरी चढलेले ते पहिले. त्यांच्या आई आयुष्यभर अंगठा उठवत राहिल्या. ‘सावित्रीमाई’ म्हणताना त्यांचा आवाज बदलतो, हे मी जवळून पाहिलं आहे.

अडचण कशी उभी राहिली

डिसेंबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात कॉलेजात एक टेम्पो आला. त्या आठवड्याची आठवण राहण्याचं आणखी एक कारण आहे. पुण्यातला भिडे वाडा, जिथे १८४८ साली फुले दांपत्याने मुलींची शाळा सुरू केली, तो मोडकळीला आलेला वाडा राष्ट्रीय स्मारकासाठी त्याच दिवसांत पाडला गेला. तिथल्या गाळेधारकांशी वर्षानुवर्षं चाललेला खटला नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयात संपला होता. वर्गात त्यावर चर्चा चालू असताना खाली टेम्पोतून ताडपत्रीत गुंडाळलेल्या सावित्रीबाई उतरल्या.

सात फुटी पूर्णाकृती पुतळा. साहित्य फायबर, वरून ब्राँझसारखा रंग. अध्यक्षांनी ओळखीतल्या एका कारागिराला स्वतःच्या खिशातून आगाऊ रक्कम देऊन तो करून घेतला होता. ३ जानेवारीला बसवून सगळ्यांना आनंदाचा धक्का द्यायचा, हा त्यांचा मनोदय. संस्थेचा ठराव झालेला नव्हता, समिती नव्हती, परवानगीचा अर्जही नव्हता. फाटकाजवळ चौथऱ्याचा खड्डा तेवढा खोदून झाला होता.

चौथ्या दिवशी पोलीस ठाण्यातून अधिकारी आले. बोलणं अगदी सौजन्याचं. चहा घेतला आणि परवानगीचा कागद मागितला. कागद नाही म्हटल्यावर त्यांनी सांगितलं, “मग झाकूनच राहू द्या. एकदा बसवला आणि नंतर काढायची वेळ आली, तर गावात काय होईल हे मी तुम्हाला सांगायला नको.” त्यांचं बरोबर होतं. आपल्याकडे पुतळा बसवणं ही एक गोष्ट, आणि बसवलेल्या पुतळ्याला हात लावणं ही पूर्ण वेगळी गोष्ट.

पुतळ्यांसाठी राज्याचे नियम आहेत आणि ते नवेही नाहीत. सामान्य प्रशासन विभागाच्या २ मे २०१७ च्या शासन निर्णयात मार्गदर्शक तत्त्वं दिली आहेत. जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीची परवानगी लागते. पोलिसांचा आणि स्थानिक संस्थेचा ना-हरकत दाखला लागतो. पुतळ्याच्या मातीच्या नमुन्याला, म्हणजे क्ले मॉडेलला, कला संचालनालयाची मान्यता लागते. त्याच व्यक्तीचा पुतळा दोन किलोमीटरच्या परिघात आधीच असेल तर दुसरा चालत नाही. देखभाल आणि पावित्र्य राखण्याची हमी संस्थेने लिहून द्यायची. जागा खासगी आहे, आवार आपलं आहे, मग एवढं सगळं कशाला, असा आमच्या काही विश्वस्तांचा समज होता. जिल्हाधिकारी कार्यालयाने तो एका भेटीत दूर केला.

म्हणजे ही सगळी वाट उलटी चाललो होतो. नमुना मान्य होण्याआधी पुतळा तयार, आणि जागा मान्य होण्याआधी खड्डा तयार.

तोवर दुसरा प्रश्न आला होता, आणि तो कागदाने सुटणारा नव्हता. ताडपत्री थोडी बाजूला करून मुली पुतळा पाहत होत्या. चेहरा कॅलेंडरवरचा, पोक्त बाईचा. एका हातात पुस्तक, दुसरा हात आशीर्वादाचा. बी.ए. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी बराच वेळ बघत उभी होती. मग मला म्हणाली, “मॅडम, शाळा सुरू केली तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या ना? मग ह्या कोण?”

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा, नायगावचा. १८४८ साली त्या सतरा वर्षांच्याच होत्या. त्यांच्यावर शेण-माती फेकली गेली ती सतरा-अठरा वर्षांच्या मुलीवर फेकली गेली. विचारणारी स्वतः एकोणीस वर्षांची. आपल्यापेक्षा लहान मुलीने हे केलं, हे त्या क्षणी तिला लख्ख दिसलं होतं, आणि आमच्या पुतळ्याने नेमकं तेच झाकून ठेवलं होतं. मी गेली कितीतरी वर्षं ३ जानेवारीचं प्रदर्शन मांडते आहे. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

समोर आलेले पर्याय

जानेवारी २०२४ मध्ये रीतसर ठराव होऊन समिती झाली: प्राचार्य, दोन विश्वस्त, मराठी आणि इतिहासाचे विभागप्रमुख, माजी विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी, दोन विद्यार्थिनी आणि मी. अध्यक्षांनी स्वतःहून बाजूला राहायचं ठरवलं. त्यांच्या जागी मी असते तर मला ते जमलं असतं का, कोण जाणे.

फायबरच्या त्याच पुतळ्यासाठी परवानगी मागायची, हा सोपा वाटणारा पर्याय पहिल्याच बैठकीत मागे पडला. तयार पुतळ्याचं क्ले मॉडेल आता कुठून दाखवणार? शिवाय उन्हापावसात फायबरचा रंग काही वर्षांत उडतो, तडे जातात, आणि मग दरवर्षी रंगरंगोटी करताना चेहरा थोडा थोडा बदलत जातो. अशा रंगवलेल्या पुतळ्यांचे बिघडलेले चेहरे आपण सगळ्यांनी चौकाचौकांत पाहिलेले आहेत.

भिंतीवर प्रसंगांची उठावशिल्पं करावीत, ही इतिहासाच्या सरांची सूचना. चांगली होती. खर्चाच्या अंदाजापाशी अडली.

खरा वाद उरलेल्या दोन बाजूंत झाला. एक बाजू म्हणत होती: पुतळाच नको. ती रक्कम अभ्यासिकेला द्या. ज्या बाईने मुलींना शिकता यावं म्हणून आयुष्य घालवलं, तिच्या नावाच्या कॉलेजात मुलींना संध्याकाळी बसून वाचायला जागा नाही. ग्रंथालय पाचला बंद होतं. घरी गेल्यावर भाकरी, भांडी, धाकटी भावंडं. ही बाजू मांडणाऱ्यांत मी होते, आणि मला वाटत होतं की याला उत्तरच नाही.

मी ग्रंथालयाच्या काउंटरवर एक वही ठेवली. वर लिहिलं: स्मारकात काय हवं? नाव लिहायची सक्ती नव्हती. पंधरा दिवसांत वही भरत आली. अभ्यासिका, वायफाय, मुलींसाठी स्वच्छ स्वच्छतागृह, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं, असं अपेक्षित ते सगळं होतं. पण एका पानावर निळ्या पेनाने दोनच ओळी होत्या: “पुतळा हवा. आमच्या गावात बाईचा एकही पुतळा नाही.”

ती वही मी समितीपुढे ठेवली आणि ते पान वाचून दाखवलं. मग कोणी वाद घातला नाही. मीही नाही. अभ्यासिकेची बाजू चुकीची नव्हती, पण पुतळ्याकडे मी फक्त खर्च म्हणून बघत होते. ज्या मुलीच्या गावातला प्रत्येक चौथरा कुठल्यातरी पुरुषाचा आहे, तिला आवारात शिरताना समोर एक बाई दिसणं याची किंमत मला कळली नव्हती.

त्याच वहीत आणखी एक गोष्ट पुन्हा पुन्हा आली होती, आणि आम्ही ती वाचूनही नीट वाचली नाही: “साडेपाचची गाडी.” त्याबद्दल पुढे.

शेवटी ठरलं ते असं. पूर्णाकृती नको, ब्राँझचा अर्धपुतळा करायचा. त्यात वाचणाऱ्या पैशांतून ग्रंथालयाला लागून असलेल्या दोन बंद खोल्या मिळवून अभ्यासिका करायची. पुतळा फाटकाजवळ नाही, ग्रंथालयाच्या अंगणात, अभ्यासिकेच्या दाराशी. जागा बदलण्याचं एक व्यावहारिक कारणही होतं. फाटकासमोरचा रस्ता कधीतरी रुंद होणार, आणि तेव्हा चौथरा हलवावा लागला असता.

प्रत्यक्षात काय केलं

२०२४ हे वर्ष कागदांसाठी वाईट होतं. मार्चच्या मध्यापासून लोकसभेची आचारसंहिता, ती जूनपर्यंत. १५ ऑक्टोबरपासून विधानसभेची, ती नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत. या दोन्हींच्या मधल्या फटीत, २६ ऑगस्टला, मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा कोसळला. अनावरण होऊन नऊ महिनेही झाले नव्हते. त्या बातमीने आम्ही सगळेच सुन्न झालो. त्यानंतर जिल्हाधिकारी कार्यालयातून आमच्या चौथऱ्याबद्दल आणि जोडणीबद्दल पुन्हा विचारणा झाली. विश्वस्तांपैकी काहींना हा जाच वाटला. मला तो दिलासा वाटला, कारण तोपर्यंत अर्धपुतळा चौथऱ्याला नेमका कशाने धरला जाणार आहे, हे समितीतल्या एकालाही सांगता आलं नसतं.

उत्तर संरचना अभियंत्याने दिलं. मधला गाभा आरसीसीचा, बाहेरून काळ्या दगडाची जडण. पुतळ्याच्या आतून येऊन गाभ्यात खोल रुतणारे दांडे स्टेनलेस स्टीलचे. साधी सळई वापरली तर ब्राँझला लागून, पाण्याच्या संगतीने ती लवकर गंजते. गंज फुगतो, दगडाला तडे देतो आणि बाहेरून काही कळत नाही. हे वाक्य मी इतिवृत्तात जसंच्या तसं घेतलं.

शिल्पकार शोधताना तीन जणांची कामं प्रत्यक्ष जाऊन पाहिली. ज्यांना काम दिलं त्यांची एक अट होती: माती ओली असेपर्यंत हवं ते बोला, साचा पडल्यावर काही सांगू नका. म्हणून सहलीसारखी एक बस करून मुलींना कार्यशाळेत नेलं. सळ्यांचा सांगाडा, त्यावर माती, मग प्लास्टरचा साचा, त्यातून मेणाची प्रत, मेणावर पुन्हा मातीचं कवच. भट्टीत मेण वितळून जातं आणि त्याच्या रिकाम्या जागेत धातूचा रस ओततात. शिल्पकार हे सांगत असताना एक मुलगी म्हणाली, “म्हणजे मेणाची बाई जाते तेव्हा धातूची येते.” ते थांबून तिच्याकडे बघत राहिले.

वयाचा प्रश्न तिथेच निघाला. त्यांनी दोन दिवसांत गालाची माती काढली, डोळ्यांखालची वळणं पुसली, मान सरळ केली. समोर एकदम वेगळी मुलगी उभी राहिली. पण मान्यतेच्या वेळी अडचण सांगितली गेली: लोकांच्या ओळखीचा चेहरा असला पाहिजे, नाहीतर उद्या कोणी म्हणेल या सावित्रीबाई नव्हेतच. पुन्हा थोडं वय चढवलं. आत्ता जो चेहरा आहे तो तिशीतल्या बाईचा वाटतो. डोक्यावर पदर, पण हनुवटी किंचित वर. सतरा वर्षांची सावित्री आम्हाला मिळाली नाही. कॅलेंडरवरच्या बाईपासून मात्र बरंच अंतर आलं.

धातूचा विषय वेगळाच रंगला. माजी विद्यार्थ्यांनी आवाहन केलं की प्रत्येक घराने एक जुनं भांडं द्यावं, त्यातून सावित्रीमाई घडतील. कल्पना सुंदर, प्रतिसाद त्याहून सुंदर. तांबे, पेले, पिंप, पळ्या, घंगाळी. मग शिल्पकारांनी समजावलं: ओतकामाच्या ब्राँझचं प्रमाण ठरलेलं असतं, साधारण ८५ टक्के तांबं आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी ५ टक्के. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, त्यात जस्त खूप, आणि जुन्या भांड्यात किती ते भांड्याभांड्याला वेगळं. सगळं एकत्र वितळवलं तर ओतीव कामात छिद्रं पडतील, रंग डागाळेल. तोडगा असा निघाला की शुद्ध तांब्याची भांडी तपासून मुशीत घालायची, पितळेची मोडीत विकून त्या पैशांत धातू घ्यायचा.

ज्यांचं पितळ होतं त्यांना हे सांगायचं काम माझ्याकडे आलं. एक आजी पाणी प्यायचा तांब्या घेऊन आल्या होत्या. लग्नातला, नाव कोरलेला. शाळेत न जाता मिळालेली, स्वतःच्या नावाची अक्षरं असलेली ती एकच वस्तू त्यांच्याकडे होती. तो पितळेचा निघाला. मोडीत घालायला माझा हात धजावला नाही. तो आता अभ्यासिकेत काचेच्या कपाटात आहे, आणि समितीच्या परवानगीशिवाय मी घेतलेला तो एकमेव निर्णय आहे.

चौथऱ्यावर काय कोरायचं, यावर तीन बैठका गेल्या. विश्वस्तांपैकी एकांनी सावित्रीबाईंच्या नावावर फिरणारं एक वाक्य आणलं होतं. जोरकस होतं, भिंतीवर शोभलं असतं. ग्रंथपाल म्हणून मी एकच अट घातली: कोणतंही वाक्य पृष्ठक्रमांकासह आणा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९८८ साली प्रसिद्ध केलेलं सावित्रीबाईंचं समग्र वाङ्मय आमच्याकडे आहे. मी आणि मराठीच्या मॅडम दोघींनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. ते वाक्य त्यात नव्हतं. आणलेल्या आणखी दोन वाक्यांचंही तेच झालं. शेवटी चौथऱ्यावर नाव आणि तीनच नोंदी कोरल्या: ३ जानेवारी १८३१, नायगाव. १८४८, पुणे, मुलींची शाळा. १० मार्च १८९७, पुणे.

या शोधातून एक चांगली गोष्ट घडली. सावित्रीबाईंची पत्रं मुलींनी पहिल्यांदाच वाचली. १८६८ च्या पत्रात गावकरी एका तरुण जोडप्याला जातीवरून मारायला निघाले असताना आपण मध्ये पडलो, हे त्या जोतिरावांना कळवतात. १८७७ चं पत्र जुन्नर भागातून दुष्काळात लिहिलेलं. भाषणांतली ‘पहिली शिक्षिका’ तिथे संपते आणि रस्त्यावर उतरलेली बाई सुरू होते.

आणि १० ऑक्टोबर १८५६ चं पत्र. आजारपणात माहेरी असताना लिहिलेल्या या पत्रात त्या फातिमाची आठवण काढतात: शाळेचा सगळा भार तिच्यावर पडला असेल, पण ती कुरकुर करणार नाही. दोन्ही विद्यार्थिनी सदस्यांनी मागणी केली की फातिमा शेख यांचं नावही चौथऱ्यावर यावं. बैठकीत शांतता पसरली. कुणी विरोध केला नाही, कुणी अनुमोदनही दिलं नाही. “आधीच परवानगीचं नाजूक आहे, हा विषय नंतर बघू,” असं मीच इतिवृत्तात लिहिलं.

कोनशिलेचा वाद लवकर मिटला. देणगीदार आणि पाहुण्यांची नावं चौथऱ्यावर नाहीत, अभ्यासिकेच्या आतल्या भिंतीवर. सावित्रीबाईंच्या नावाच्या अक्षरांपेक्षा मोठं कोणाचंही अक्षर नाही.

निष्पत्ती

जिल्ह्याची परवानगी डिसेंबर २०२४ च्या अखेरीस हाती आली. ३ जानेवारी चुकणार हे उघड होतं. पुढच्या जयंतीपर्यंत थांबा, असं काहींचं म्हणणं पडलं, कारण स्मृतिदिनाला समारंभ कसा करायचा? मराठीच्या मॅडमनी सांगितलं की १० मार्च हाच दिवस योग्य. प्लेगच्या साथीत, मुंढव्याजवळच्या वस्तीतल्या पांडुरंग गायकवाड या आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात पोहोचल्या. तो वाचला. त्यांना प्लेग झाला आणि त्यात त्या गेल्या. सहासष्टाव्या वर्षी मुलाला पाठीवर घेऊन चालणारी बाई. १० मार्च २०२५ ला अनावरण झालं. ढोलताशा नव्हता. पडदा आमच्या झाडलोट करणाऱ्या मावशींनी आणि पहिल्या वर्षाच्या एका मुलीने मिळून ओढला.

अभ्यासिका त्याच दिवशी उघडली, संध्याकाळी आठपर्यंत. पहिल्या आठवड्यात साडेपाचनंतर तिथे कोण होतं? गावातली मुलं. एकही खेड्यातली मुलगी नाही.

साडेपाचची गाडी ही दोन्ही बाजूंच्या गावांकडे जाणारी शेवटची सोयीची एसटी. ती चुकली तर वडापच्या जीपने अंधारात जायचं, आणि ते कुठलंच घर चालू देत नाही. वहीत मुलींनी हेच लिहिलं होतं. आम्ही खोल्या जोडल्या, टेबलं घेतली, दिवे बदलले, आणि ज्यांच्यासाठी केलं त्या सगळ्या साडेपाचला थांब्यावर उभ्या होत्या. ते दृश्य मी अभ्यासिकेच्या खिडकीतून पाहिलं आणि पोटात कालवलं.

मग आगारप्रमुखांकडे फेऱ्या सुरू झाल्या. अर्ज, मुलींच्या सह्या, पासधारकांची गावनिहाय यादी, दोन ग्रामपंचायतींचे ठराव. चार महिन्यांनी एका मार्गावरची संध्याकाळची फेरी सव्वासातला केली गेली. दुसऱ्या मार्गावर प्रवासी पुरेसे नाहीत म्हणून नकार आला. त्यामुळे आज अभ्यासिकेत नदीच्या अलीकडच्या गावांतल्या मुली सातपर्यंत बसतात, आणि पलीकडच्या गावांतल्या साडेपाचला दप्तर आवरतात. एकाच बाकावरच्या दोन मैत्रिणींपैकी एक उठून जाते. तिच्यासाठी सकाळी सात वाजता ग्रंथालय उघडायला सुरुवात केली आहे, कारण पहिली गाडी पावणेसातला पोहोचते. त्याचा थोडा उपयोग होतो आहे.

पुन्हा करायचं झालं तर

पहिली गोष्ट परवानगीची. अर्ज आधी, शिल्पकार नंतर, आणि चौथऱ्याचा खड्डा सगळ्यांत शेवटी. एका चांगल्या माणसाच्या घाईने वर्ष गेलं, पैसे गेले, आणि एक प्रश्न कायमचा मागे राहिला.

दुसरी, वही आधी ठेवायला हवी होती. ठराव होण्याच्याही आधी. आणि वाचताना मागण्या मोजायच्या नाहीत, ज्या ओळीत मागणी दिसत नाही तिथे थांबायचं. ‘साडेपाचची गाडी’ ही मला तेव्हा तक्रार वाटली. स्मारकाचा आराखडा खरं तर त्या दोन शब्दांत होता. आगारप्रमुखांना समितीत पहिल्या दिवसापासून बोलावलं असतं, तर दुसऱ्या मार्गाचंही काही झालं असतं असं मला अजून वाटतं.

फातिमा शेख यांचं नाव मी पुढे ढकललं, आणि पुढे ढकललेलं परत येत नाही. आता चौथऱ्यावर एक अक्षर वाढवायचं तरी पुन्हा परवानगी लागेल. तेव्हा विषय मताला टाकायला हवा होता. हरलो असतो तरी इतिवृत्तात दोन मुलींची मागणी मागणी म्हणून राहिली असती. अभ्यासिकेत १८५६ च्या पत्राची प्रत चौकटीत लावली आहे. ते पुरेसं नाही.

देखभालीचं एक बारीक काम. जयंतीच्या आदल्या दिवशी उत्साहाने कोणीतरी भांडी घासायची पावडर आणि चिंच घेऊन पुतळा चकचकीत करायला जातं. त्याने ब्राँझवरचा मुद्दाम चढवलेला थर निघून जातो आणि चेहरा चट्ट्यापट्ट्याचा होतो. मऊ कापड, साधं पाणी, वर्षातून एकदा मेणाचा हात, एवढंच. हे लिहून शिपाईमामांच्या खोलीत लावलं आहे. पक्ष्यांच्या विष्ठेसाठी मात्र रोज बघावं लागतं.

फायबरचा पुतळा अजून भांडारातच आहे. दोन किलोमीटरच्या अटीमुळे तो आता इथे बसू शकत नाही. दुसऱ्या शाळेला द्यायचा तर त्या शाळेने नव्याने सगळी परवानगी काढायची, आणि अशी तयारी अजून कोणी दाखवलेली नाही. मोडायचा, हे शब्द तर बैठकीत कोणाच्या तोंडून निघत नाहीत, आणि निघूही नयेत. ताडपत्री काढून त्याला पांढरं सुती कापड गुंडाळलं आहे. गेल्या ३ जानेवारीला अंगणातला कार्यक्रम संपल्यावर मी स्टॉकच्या नोंदीसाठी भांडार उघडायला गेले, तर अध्यक्ष आधीच तिथे होते. हातात शेवंतीची चार फुलं. त्यांनी ती कापडाच्या पायाशी ठेवली, मला म्हणाले, “मॅडम, किल्ली तुमच्याकडेच राहू द्या,” आणि दार हळूच ओढून घेतलं.